भोंगा बिअरवरची म्हातारी

जालिंदरचे पाय गेले ते परदेशातून लेबलाचा हुकूम आला त्या दुपारी. रक्त नाही की दुखणं नाही. गुडघ्यांखाली पँट नुसती लोंबत होती.

जालिंदरच्या बँडचं नाव भोंगा. त्याच नावाची बिअर निघाली आणि बाटलीवर गिटार घेऊन हवेत उडी मारणारा जालिंदर आला. बिअर परदेशी निघाली तेव्हा तिथल्या ऑफिसाने कळवलं, की दारूने माणसाच्या अंगात बळ येतं असं दाखवता येत नाही, पाय काढा. लेबलावरचे काढले, तसे इचलकरंजीत कॉटवर बसलेल्या जालिंदरचेही गेले.

"मावशी, बाकीचं चित्र मंजूर आहे," ड्रम वाजवणारा इलियास म्हणाला.

"तुझं पाय कसं ऱ्हायलं रं मग?" जालिंदरच्या आईने, केराबाईने, विचारलं.

"चित्रात मी मागं आहे ना. धुरात."

"जल्मभर बस तिथंच."

केराबाईच्या मते ही सगळी नजर होती. स्टेजवर चढण्याआधी ती जालिंदरच्या कानामागे तीट लावायची आणि तो मुकाट्याने मान वाकवायचा. बाटलीवर मात्र तो तसाच गेला होता, उघडा, गावाने बघावा असा. म्हणून नव्या लेबलाची बाटली नमुना म्हणून त्या ऑफिसाकडे निघाली तेव्हा तिने बोटावर काजळ घेतलं आणि चित्रातल्या जालिंदरच्या गालावर ठसठशीत तीट लावली.

उत्तर लगेच आलं. तीट तान्ह्या मुलांना लावतात, सबब हे चित्र मुलाचं आहे. दारूवर मुलाचं चित्र चालत नाही. चेहरा काढावा.

जालिंदर जेवत होता. भाकरीचा घास तोंडाशी गेला आणि ताटात पडला, कारण तोंड नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरा, गुळगुळीत कागद होता. केराबाईने त्यावर हात फिरवला. हाताला श्वास लागत नव्हता, पण त्याची छाती हलत होती.

"थांब," ती म्हणाली. "आलेच मी."

परदेशातलं ऑफिस मोरीच्या मागे निघालं, कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे. आत लांब खोली आणि टोकाला टेबलामागे एक साहेब. केराबाई त्याच्या आईबापाचा उद्धार करत चालू लागली. ती बोलेल तशी खोली लांबत गेली. टेबल ठिपक्याएवढं झालं. दम लागून ती गप्प बसली, तेव्हा टेबल समोर आलं.

"तीट कुणी लावली?" साहेबाने विचारलं.

"मी. आई हाय मी त्याची."

"म्हणजे मूल आहे."

"बत्तीस वर्सांचा घोडा हाय! दाढी दिसत न्हाई व्हय?"

"चेहरा काढलाय. दाढी कशी दिसेल?"

खोली पुन्हा हातभर लांबली. केराबाईने ओठ आवळले.

"लेबल कोरं ठेवता येत नाही," साहेब म्हणाला. "दुसरं माणूस त्या जागी आलं, तर पहिलं आख्खं परत जातं. तुम्ही चालाल. वय उघड दिसतंय. चेहऱ्यावर आनंद नाही. तुम्हाला बघून कुणाला प्यावंसं वाटणार नाही."

आमच्या सात पिढ्यांत कुणी बाटलीला शिवलं नाही, असं तिच्या जिभेवर आलं. तिने तोंड उघडलं. टेबल मागे सरकलं. तिने तोंड मिटलं आणि मान हलवली.

आधी पाठीला गार खळ लागली, मग काच. दारूच्या धोक्याची सूचना ठळक हवी म्हणून ती केराबाईच्या तोंडावर आडवी छापली, नाकापासून हनुवटीपर्यंत. कोणत्या भाषेत, ते तिला कळलं नाही. मग खोका, अंधार, बोटीचं हेलकावणं.

उजेड झाला तेव्हा समोर जालिंदर होता. दोन्ही पायांवर उभा, घामाने थबथबलेला, दाढीसकट. मागे परक्या मुलखातले लोक भोंगा, भोंगा म्हणून ओरडत होते. गाणं नुकतं संपलं होतं. इलियासने त्याच्या हातात बाटली दिली.

जालिंदरने एक घोट घेतला आणि बाटली उजेडाकडे धरली.

"ही म्हातारी कोण रं?"

"काय म्हाईत. कंपनीनं टाकली असंल."

"कसली कावलीय बघ."

केराबाईने सगळा जीव ओठांत आणला. छापील अक्षरं जरासुद्धा हलली नाहीत.

बाटली घामेजली होती. इलियासशी बोलता बोलता जालिंदरने सहज लेबलाच्या ओल्या कोपऱ्याखाली नख घातलं, आणि केराबाईचा पदर काचेपासून सुटला.