तात्पुरते कळवतील

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणत. तिच्या हुद्द्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते उच्चारायचा कंटाळा करण्यात कंपनीची एकी होती. काम मात्र सरळ होतं. कंपनीच्या मेलचा सर्व्हर सांभाळायचा. कोणाची पेटी भरली, कोणी पासवर्ड विसरला, कोणाचा मेल गिऱ्हाइकाच्या सर्व्हरने कचऱ्यात टाकला, सगळ्याचं खापर तिच्या डोक्यावर. मेल पोचला म्हणून कोणी कधी कौतुक केलं नाही. अडला की मात्र सगळ्यांना तिची आठवण यायची. तिने हे वर्षानुवर्षं मुकाट्याने केलं, कारण घरी थोरली बहीण होती, गुडघ्यांनी अडलेली, आणि दोघींचं घर या एका नोकरीवर चालत होतं.

कंपनीच्या दाराशी जमिनीत एक मोठा काटा बसवलेला होता. मूळ मालकांची हौस. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला त्यावर पाय द्यावाच लागे आणि भिंतीवर लाल आकड्यांत त्याचं वजन झळके. चुकवायला जागाच नव्हती. पहारेकरी बाजूला स्टुलावर बसून रोज आकडा वाचायचा आणि वाचून गप्प बसायचा नाही.

"पोस्टमास्तरीणबाई, आज भारीच. ताईंनी काय खाऊ घातलं?"

"तुमचं लक्ष चोरांकडे असतं की काट्याकडे?" ती म्हणायची. असा दिवस सुरू व्हायचा.

आता तात्पुरतेंचं सांगायचं, तर तात्पुरते तिनेच जन्माला घातले होते. नवीन लागली तेव्हा सर्व्हर नीट चालतो की नाही हे बघायला तिला एक खोटी पेटी हवी होती. आडनाव टाकल्याशिवाय सर्व्हर पुढे सरकू देईना. चार दिवसांनी पुसायचीच आहे, म्हणून तिने ठोकून दिलं, तात्पुरते. त्या पेटीला एक ठरलेलं उत्तर लावलं. कोणाचाही मेल आला की आपोआप उलट टपाली जायचं, "मिळालं. पाहतो आणि कळवतो." रोज सकाळी ती स्वतःच्या पेटीतून तात्पुरतेंना एकच शब्द पाठवायची, "चाचणी". उत्तर आलं की समजायचं, जायचा रस्ता मोकळा आहे आणि यायचाही. मग चहा. तिची स्वतःची पेटी तिने एवढ्याच कामाला वापरली. बाकी सगळा व्याप ती प्रशासक या नावाने करायची, कारण तिच्या नावाशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं.

पेटी पुसायची राहून गेली. कामाच्या रगाड्यात अशा गोष्टी राहतातच.

सुरुवात खरेदीखात्यातल्या काकांनी केली. कंपनीच्या पत्त्यांमध्ये त्यांना तात्पुरते हे नाव दिसलं. कोणीतरी असेल म्हणून त्यांनी त्यांना एक किचकट प्रश्न पाठवला आणि हात खाली घ्यायच्या आत उत्तर हजर. कंपनीत हे आक्रीत होतं. तिथे उत्तर हवं तर माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागे. काका खूश झाले आणि नेहमीप्रमाणे तो प्रश्न चार दिवसांत आपोआप विरून गेला. काकांनी दुसऱ्यांना सांगितलं. हळूहळू प्रत्येक मेलची एक प्रत तात्पुरतेंना जाऊ लागली. तात्पुरते कधी नाही म्हणत नाहीत, असा त्यांचा लौकिक झाला. खरं सांगायचं तर पाहतो म्हणून न पाहणारी आणि कळवतो म्हणून न कळवणारी हाडामांसाची माणसं त्या इमारतीत मजल्यामजल्यावर बसलेली होती. त्यांच्यात तात्पुरते बेमालूम मिसळले तर नवल काय?

पोस्टमास्तरणीला मजा वाटायची. रात्री जेवताना ती ताईला तात्पुरतेंच्या गोष्टी सांगायची. आज त्यांना कोणत्या समितीवर घेतलं, आज त्यांचे कोणी आभार मानले.

"पुसून टाक गं तो माणूस," ताई म्हणायची.

"राहू दे की. त्याच्याइतका सालस कोणी नाही आमच्यात."

"मला नाही आवडत. उगाच कोणाला घरातलं केल्यासारखं वाटतं."

पहिल्यांदा काही खटकलं ते काकांमुळे. काका पेटी भरल्याची तक्रार घेऊन तिच्या खोलीत आले. सर्व्हरची ती थंडगार, घरघरणारी खोली त्यांना सोसायची नाही, म्हणून दारातच उभे राहिले.

"तात्पुरते म्हणाले, तुमच्याकडे जा म्हणून."

"मेलवर?"

"नाही हो, जिन्यात भेटले. दाढी ठेवलीय त्यांनी. मी आधी ओळखलंच नाही."

"काका, पुरे आता थट्टा."

"थट्टा कसली?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा कोरा होता, आणि काकांना खोटं बोलताना चेहरा कोरा ठेवता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती त्याच पावली दुसऱ्या मजल्यावर गेली. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. वर्षानुवर्षं तिथे जुन्या काट्यांचे खोके पडलेले तिने पाहिले होते. आता खोके नव्हते. खुर्चीच्या पाठीवर करड्या रंगाचा कोट अडकवलेला होता. टेबलावर चहाचा कप होता. तिने कपाला बोट लावलं. कप गरम होता.

"हे कुठे गेले?" तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारलं.

"आत्ता उठले. तुमची चुकामूक झाली बघा."

ती खाली आली. कोणीतरी उपटसुंभ तात्पुरते बनून वावरतोय, एवढंच तिला सुचलं. ते सोपं होतं. चोर परवडतो, त्याला निदान काट्यावर वजन तरी असतं. पण मग पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तात्पुरते साहेब ना? रोज येतात की. पूर्वी काटा काही दाखवायचाच नाही, मला वाटलं बिघडलाय. आता धरलंय बाळसं."

त्या दिवशी तिने ठरवलं, पेटी पुसायची. पण त्याच दिवशी नव्या साहेबांनी तिला बोलावलं.

नवे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर मोडीत काढायचा आणि भाड्याचा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. भाडं दर पेटीमागे, म्हणून बाहेरच्या लोकांकडून त्यांनी सगळ्या पेट्या तपासून घेतल्या होत्या. जी पेटी नुसती चाचणीची, ती बंद. ज्याची पेटी बंद, त्याचं नाव नव्या पगारपत्रकात चढणार नव्हतं. हे ऐकून तिला हायसं वाटलं. तात्पुरतेंचा निकाल आपोआप लागणार होता.

"बाई, एक पेटी निघालीय," साहेब अवघडून म्हणाले. "रोज सकाळी एकाच माणसाला एकच शब्द पाठवते. बाकी काही नाही. उघडच चाचणीची आहे. पण तिच्यावर तुमचं नाव आहे."

तिला आधी हसूच आलं. मग तिने समजावून सांगितलं. बाकीचं काम प्रशासक नावाने कसं होतं, ते कोण करतं, रोजची चाचणी कशासाठी. "खोटी पेटी तात्पुरतेंची आहे, साहेब. तात्पुरते नावाचं कोणी नाहीच. मी बनवलेत ते."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "तात्पुरतेंबद्दल असं बोलू नका. मी आल्यापासून माझ्या प्रत्येक मेलला उत्तर देणारे ते एकटेच आहेत."

"ते उत्तर मी लिहिलंय."

"हे बघा, मी उगाच कोणाच्या पोटावर पाय आणणारा नाही. तुमच्याबद्दल मी त्यांनाच विचारलंय. त्यांना इथली सगळी माणसं माहीत आहेत. पाहतो आणि कळवतो म्हणालेत. ते कळवतील तसं करू."

ती जिना उतरून आपल्या खोलीत आली. तिची नोकरी, ताईची औषधं, दोघींचं घर, सगळं आता एका ठरलेल्या वाक्यावर टांगलेलं होतं, आणि ते वाक्य तिने एका दुपारी जांभई देत लिहिलं होतं. तात्पुरते कधीच कळवणार नाहीत हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पेटी पुसावी, तर साहेब उत्तराची वाट बघत बसणार आणि तोवर तिचं नाव गळणार. न पुसावी, तरी तेच.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तात्पुरते कळवत नसतील तर आपण कळवू. पासवर्ड आपणच ठेवलाय.

पेटी तिने बनवल्यापासून आतून कधी उघडलीच नव्हती. न वाचलेल्या मेलांचा उकिरडा असेल, अशी तिची खात्री होती. न वाचलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो, हे रोज बघून तिच्या डोळ्यांत बसलेलं होतं. तिने पेटी उघडली. एकही ओळ ठळक नव्हती. काकांचे, साहेबांचे, सगळ्यांचे सगळे मेल कोणीतरी वाचलेले होते. नुसते वाचलेले नव्हते, तर विषयवार कप्प्यांमध्ये लावलेले होते. ती स्वतः इतकी टापटीप कधीच नव्हती. तिने पाठवलेल्या सगळ्या चाचण्या एका वेगळ्या कप्प्यात होत्या. कप्प्यावर नाव होतं, "ही कोण?"

तिला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठे, घरीच ना? आणि ताईला काय सांगायचं? तिने दात आवळले आणि तात्पुरतेंच्या नावाने साहेबांना लिहिलं, "पाहिलं. बाईंचं काम चोख आहे. त्यांच्याशिवाय इथलं पान हलणार नाही. त्यांना ठेवावं." स्वतःची शिफारस स्वतः करायची तिला लाज वाटली नाही. बाकीचे ती दुसऱ्यांकडून करून घेतात, फरक तेवढाच. तिने मेल पाठवला आणि सर्व्हरचा लॉग उघडून पाहिलं. लॉगमध्ये मजकूर दिसत नाही, फक्त प्रवास दिसतो. मेल निघाला होता आणि साहेबांच्या पेटीत पोचलाही होता.

थोड्याच वेळात फोन वाजला. "तात्पुरतेंचं आलं," साहेब म्हणाले. "वर या."

जिना चढताना तिला बरं वाटत होतं. घरी जाताना ताईला काहीतरी गोड न्यायचं, असंही तिने ठरवून टाकलं. साहेबांच्या खोलीचं दार लोटून ती आत गेली आणि टेबलासमोर उभी राहिली. साहेब पडद्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"साहेब, बोलावलंत?"

साहेबांनी उत्तर दिलं नाही. तिने वाट पाहिली, मग पुढे वाकून पडद्यावर नजर टाकली. वर तात्पुरतेंचं नाव होतं, तिने पाठवलं तीच वेळ होती. मजकूर तिचा नव्हता.

"पाहिलं. इथे अशी कोणी बाई नाही."

"साहेब, हे मी लिहिलेलं नाही. मी ही इथे उभी आहे. साहेब, बघा ना इकडे."

साहेब उठले, तिच्या अगदी जवळून गेले आणि उघडं राहिलेलं दार लावून घेतलं. "हे दार सारखं कसं उघडतं?" ते स्वतःशीच म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी उत्तराखाली आभार टंकले.

दाराची कडी काढून ती बाहेर आली. काका समोरून येत होते. तिने हाक मारली, ते कागद चाळत निघून गेले. खाली तिच्या खोलीत तिने स्वतःचं नाव आणि पासवर्ड घातला. असा कोणी वापरणारा नाही, असं सर्व्हरने सांगितलं. प्रशासक म्हणून आत जायला गेली, तोही पासवर्ड बदललेला होता. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा अपमान जास्त वाटत होता. इतक्या लोकांचं इतकं टपाल इतकी वर्षं इकडून तिकडे पोचवलं, आणि एकालाही तिचा चेहरा आठवू नये? तिला रडू फुटलं. पुसायला रुमाल काढला, तो कोरडाच राहिला.

घरी जायचं. ताई ओळखेल. जगाने काही म्हटलं तरी ताई ओळखेल. पर्स उचलून ती दाराकडे धावली आणि काट्यावर पाय ठेवून सवयीने भिंतीकडे पाहिलं.

शून्य.

तिने दोन्ही पाय आपटले. आकडा हलला नाही. पहारेकरी स्टुलावर बसून जांभई देत होता आणि तिच्यातून आरपार रस्त्याकडे बघत होता.

"अहो, मी," ती म्हणाली. "रोज बोलता ना माझ्याशी? काहीतरी बोला."

ती काट्यावरून उतरून पायरीवर आली. मागे काट्याचा पत्रा दबल्याचा आवाज झाला, भिंतीवर लाल आकडे चढले आणि पहारेकरी लगबगीने उठून उभा राहिला.

"निघालात, तात्पुरते साहेब?" तो तोंडभर हसून म्हणाला. "आज भारीच. ताईंनी काय खाऊ घातलं?"

तिच्या मागे कोणीतरी मनापासून हसलं आणि हसत हसतच तिला ओलांडून तिच्या घराच्या रस्त्याला लागलं.