महाराजांच्या पाठीतली पट्टी

सिनेमातल्या दरबारात दरबारीबुवांनी अख्खी हयात वाकण्यात घालवली. राजे बदलले, सिंहासनांना नवे रंग लागले, बुवा मात्र मागच्या रांगेत कमरेत वाकलेलेच. चेहरा पडद्यावर कधी दिसला नाही, पण नुसत्या पाठीवरून लोक ओळखत, एवढी त्यांची कीर्ती.

आणि उतारवयात देव पावला. नव्या ऐतिहासिक चित्रपटात त्यांना कपटी काकाची भूमिका मिळाली: प्रधानाला फितवून पुतण्याचं सिंहासन बळकावणारा. वाक्यं सगळी तोंडपाठ होती. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. चोपदाराने "महाराज येत आहेत!" अशी ललकारी दिली आणि महाराज स्वतःच कमरेत वाकले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. जित्याची खोड! दिग्दर्शक तसा भला माणूस, पण त्यालाही हसू आवरेना आणि वेळही परवडेना. जेवणानंतर शेवटचं बघू, तो म्हणाला. नाही जमलं तर मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर आणि बुवा आपल्या जुन्या रांगेत.

बुवांची बायको तिथेच कपडेपटात शिवणकाम करायची. बुवा तिच्या मशीनपाशी तोंड पाडून बसले. तिला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया. तिने त्यांचा अंगरखा उतरवून घेतला, मापाची लाकडी पट्टी उचलली आणि पाठीच्या अस्तरात मानेपासून कमरेपर्यंत घट्ट शिवून टाकली.

"आता वाकूनच दाखवा," ती म्हणाली.

शेवटच्या खेपेला ती कॅमेऱ्याशेजारी जीव मुठीत धरून उभी राहिली. ललकारी झाली, दरबार वाकला. महाराज ताठ चालत आले, सिंहासनावर बसले आणि ज्याला फितवलं त्याच प्रधानाला कैद करायचा हुकूम सोडला. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिने अस्तर उसवलं. पट्टीला मधोमध तडा गेला होता. मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा बुवांच्या वतीने पट्टीने पाळला होता.

"अहो, म्हणजे वाकायला निघालाच होतात की. चोपदाराचा एवढा धाक?"

"चोपदार गेला खड्ड्यात," बुवा बूट काढता काढता म्हणाले. "समोर तू उभी होतीस."

तडकलेली पट्टी तिने जपून खणात ठेवली आणि उद्याच्या दृश्यासाठी जरा जाड पट्टी शोधायला लागली.