कानात सांगितलेलं काम

मी एक जुना कान आहे. हसू नका, मित्रांनो! दाराएवढा, तांब्याचा, सध्या भंगारात पालथा पडलेला. पण मी जन्माचा कान नव्हे. मी बाळंतिणींच्या दवाखान्यातला बंब होतो.

मला तांबटकाकांनी घडवलं. त्यांच्या आळीत एक रीत होती. शेवटचा ठोका पडला, की नव्या भांड्याला तोंड लावून त्याचं काम सांगायचं. काका मला म्हणाले, "बाबा रे, तापत राहा. बाळंतिणींना जप."

मी जपलं. माझ्या पाण्यात हत्यारं उकळली, दुपटी धुतली गेली, कितीतरी बाळांची पहिली आंघोळ झाली. नर्सबाई मला राखेनं लख्ख घासत आणि म्हणत, "हा आमचा थोरला जावई. सदा तापलेला!"

मग देशाच्या प्रमुखांचा डोंगराएवढा पुतळा उभारायचं ठरलं. त्या वर्षी धान्य महागलं होतं, आणि रांगेत कुरकुर करणारी माणसं घरी परतत नव्हती. तांबं कमी पडलं, तेव्हा एक साहेब मला न्यायला आले. काकांनी हात जोडले. "साहेब, बंब तेवढा राहू द्या. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. ती इथंच येणार आहे."

साहेब दुष्ट नव्हते, दमलेले होते. हळूच म्हणाले, "काका, गरम पाणी कुणाला दिसतं? पुतळा दिसतो. मान वर करून बघणाऱ्याला समोरचं रिकामं ताट दिसत नाही. आता गप्प बसा, नाहीतर तुम्हालाही नेतील."

मला उलगडून सपाट केलं. आणि कान ठोकायला बसवलं कुणाला? काकांनाच. शेवटचा ठोका झाल्यावर ते सवयीनं वाकले, तोंड जवळ आणलं. पण सांगणार काय? पुतळ्याच्या कानाला काम कसलं? ते तसेच उठून गेले.

उद्घाटनाला लोकांनी माझं फार कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मी थोडा फुशारलोही. त्याच आठवड्यात काकांची लेक बाळंत झाली. दवाखान्यात एका पातेल्यात पाणी तापवत होते, ते पुरेना. हत्यारं नीट उकळलीच नाहीत. तिला ताप चढला, तो उतरला नाही. बाळ वाचलं, लेक गेली.

काका चौथऱ्याशी येऊन म्हणाले, "बंबा, ती गेली रे." एवढा मोठा कान मी, पण ऐकण्याशिवाय काही करू शकलो नाही.

पुढं राज्य पालटलं. ज्यांनी हार घातले, त्यांनीच दोर ओढून पुतळा पाडला. काल काका नातीचा हात धरून इथं आले. त्यांची दृष्टी गेलीय. बोटांनी चाचपून त्यांनी स्वतःचे ठोके ओळखले.

"आजोबा, काय शोधताय?" नातीनं विचारलं.

"तुझ्या आईचं गरम पाणी," ते म्हणाले. मग माझ्यावर तोंड टेकून पुटपुटले, "तापत राहा रे."

मित्रांनो, आज नवे साहेब मला मोजून गेले. नव्या सरकारलाही पुतळा हवाय, जुन्यापेक्षा उंच. दवाखान्यात अजून बंब नाही. तुम्हाला कुणी मान वर करून बघायला सांगितलं, तर जरूर बघा. पण त्याआधी एकदा दवाखान्यात जा, आणि तिथल्या पाण्यात हात घालून बघा.