जड तेच टिकाऊ

मी एक सायकल बोलतेय. डोंगरी सायकल, असं निदान माझ्या दांड्यावर केशरी अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच दांड्याच्या खालच्या अंगाला मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे: ही सायकल खडबडीत रस्त्यावर चालवू नये. दुकानदाराने तिच्यावर सवलतीचा स्टिकर चिकटवला होता, त्यामुळे ती कुणाच्या नजरेस पडली नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जुनी असेल, पण ती माझ्याच मापाने शिवल्यासारखी आहे.

हलक्या आणि मजबूत नळ्या महाग पडतात, म्हणून माझ्या कारखान्याने मला जाड आणि जड नळ्यांची केली. पुढे दोन स्प्रिंगा लावल्या, मागे एक. त्या स्प्रिंगा दिसायला झोकदार आहेत. उतारावर त्या धक्के खात नाहीत, चढावर मात्र माणसाचा जोर खातात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सायकलीला तोंड असून काय उपयोग, ऐकतो कोण?

खोक्यातून निघाल्यावर दुकानातल्या फिटरने मला वीस मिनिटांत उभी केली. त्याला दिवसाला दहा सायकली जोडायच्या असत. मागच्या चाकाचा नट त्याने पान्याने आवळला तो इतका, की आतले छर्रे जागच्या जागी चिरडायला लागले. ब्रेकचे पॅड चकतीला चिकटून राहिले ते राहिलेच. त्याने मला एकदा ढकलून पाहिलं, मी पुढे सरकले, तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. त्याच्यावर माझा राग नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण आहे.

मला विकत घेणारे गृहस्थ पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. सगळे त्यांना टाकीवाले म्हणत, कारण टेकडीवरची मोठी टाकी बावीस वर्षं त्यांच्या हाती होती. सकाळी वर जाऊन खालच्या वस्त्यांना पाणी सोडायचं, दुपारी खालचा पंप ठरल्या वेळी टाकी भरू लागला, की पुन्हा वर जाऊन ती ओसंडायच्या आत येणारं पाणी बंद करायचं, हे त्यांचं काम. इतकी वर्षं ऑफिसची जीप त्यांना वर सोडायची. जीपचं कंत्राट संपलं आणि साहेबांनी सांगितलं, "वर जायची सोय आता तुमची तुम्ही करा. नाही जमलं तर खाली तक्रारींच्या टेबलावर जागा आहे."

त्या टेबलावर बसायचं म्हणजे दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि पाण्याला हातही लावायचा नाही. टाकीवाल्यांना ते नको होतं. टाकी किती भरली हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मोटारसायकल त्यांना येत नव्हती आणि परवडतही नव्हती. म्हणून घरात सायकलचं ठरलं. बायकोने आकडा सांगितला आणि वर म्हणाली, "यातच बसवा. यापुढे माझ्याकडे बघू नका."

त्यांची मुलगी बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीला होती. बेअरिंग बोटावर फिरवायचं, कानाशी धरायचं, आवाज खराब आला की बाजूला टाकायचं, हा तिचा रोजचा उद्योग. ती म्हणाली होती, "बाबा, रविवारपर्यंत थांबा. मी येते बरोबर." पण सवलत शनिवारी संपणार होती आणि हे शोधून काढणारे होते मुलीचे मामा. मामांनी आयुष्यात एकही सायकल दुरुस्त केलेली नव्हती, पण मोबाइलवर त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

दुकानात आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. मी, आणि एक राखाडी, साधी सायकल. तिला स्प्रिंग नव्हती, रंग मळकट होता, गिअरही मोजकेच. पण तिचं चाक एकदा फिरवलं की दुकानदाराचा चहा पिऊन होईपर्यंत फिरत राहायचं. तिची आणि माझी किंमत सारखीच होती. तिच्यात दुकानदाराला फारसं सुटत नव्हतं, म्हणून तो तिच्याविषयी बोलतच नव्हता.

"दाजी, ही बघा," मामा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "तीन-तीन स्प्रिंगा. डिस्क ब्रेक. हिला म्हणतात डोंगरी सायकल."

"आणि ती?" टाकीवाल्यांनी राखाडीकडे पाहत विचारलं.

"ती शाळेला जायला ठीक आहे."

टाकीवाल्यांनी मग जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी राखाडीला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. मग मला उचललं. बावीस वर्षं त्यांनी बिडाचे व्हॉल्व्ह हाताळले होते. हलका व्हॉल्व्ह दोन वर्षांत फुटतो आणि जड व्हॉल्व्ह माणसाला पुरून उरतो, हे त्यांनी हातांनी शिकलेलं शास्त्र होतं. माझं वजन हातात घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं, ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हीच," ते म्हणाले. "जड आहे. टिकेल."

फक्त एकदा त्यांनी माझं मागचं चाक ढकललं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "घासतंय का हे?"

"नवी आहे काका," दुकानदार म्हणाला. "वापरली की मोकळी होईल."

ही थाप त्यांना लगेच पटली. कारण नवा व्हॉल्व्हही आधी घट्टच फिरतो आणि वापराने सैल होतो.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. मला ओसरीत उभी पाहिलं आणि दारातच थांबली. "थांबला नाहीत ना?" एवढंच म्हणाली. मामांनी स्प्रिंगा दाबून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिने चपला काढल्या आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, "तुम्ही घेतलीत, आता तुम्हीच बघा. मी हात लावणार नाही." ती दिलेला शब्द पाळणारी मुलगी होती. आठ महिने ती रोज दोनदा माझ्याजवळून गेली आणि तिने मला बोटही लावलं नाही.

ते आठ महिने मी विसरणार नाही. टेकडीचा रस्ता खडीचा, तीन वळणांचा. टाकीवाले पहिल्या वळणापर्यंत चढवत, मग उतरत, मला ढकलत. माझं चाक घासत होतं, माझ्या स्प्रिंगा त्यांच्या प्रत्येक पायाचा अर्धा जोर गिळत होत्या आणि माझं ते नावाजलेलं वजन त्यांच्या छातीवर बसत होतं. ते धापा टाकत. वाटेत भेटणाऱ्यांना ते हसून सांगत, "सायकल एक नंबर आहे. माझंच आता वय झालं."

दर रविवारी मामा येत. ब्रेक जरा सैल वाटतोय असं म्हणून तार आणखी ओढत. पॅड झिजून जरा जागा होतेय असं मला वाटायचं आणि हे गृहस्थ ती बंद करून जायचे. त्यांना चहा मिळायचा, बिस्किटं मिळायची, वर बहिणीचं कौतुक मिळायचं.

टाकीवाल्यांनी पायांना तेल चोळलं. डॉक्टरकडे गेले, गोळ्या घेतल्या. बायकोने दूध वाढवलं. ते घराबाहेर अर्धा तास आधी पडू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पाय बिचारे इमानाने चालत होते आणि सगळे त्यांनाच बोल लावत होते.

एका दुपारी दुसऱ्या वळणावर त्यांना चक्कर आली. ते दगडावर बसले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. वर पोहोचेपर्यंत टाकी ओसंडली होती. उताराकडच्या चार घरांत पाणी शिरलं. एका शिंप्याच्या घरी शिवायला आलेले कपडे भिजले. लोक ऑफिसात गेले. साहेब ओरडले नाहीत, आणि तेच टाकीवाल्यांना जास्त लागलं. "काका," ते म्हणाले, "पुष्कळ वर्षं केलंत तुम्ही. आता खाली बसा. एक अर्ज लिहून द्या, मी बदली सन्मानाने करून देतो."

त्यांनी तो अर्ज घरी ओसरीत बसून लिहिला, माझ्या सीटवर कागद ठेवून. प्रकृतीच्या कारणामुळे टेकडीवरचं काम आता झेपत नाही, असा तो अर्ज होता. 'झेपत नाही' लिहिताना त्यांचा हात थांबला होता. शुक्रवारी अर्ज दिला.

रविवारी बायको म्हणाली, "आता ही कशाला ठेवायची? विकून टाका." मुलीचा राग अर्जाच्या दिवशीच विरला होता. विकायची तर पुसून तरी देते, म्हणून तिने मला अंगणात घेतलं. फडकं बादलीत बुडवलं. मागचं चाक पुसायला तिने मला उचललं आणि सवयीने हाताने चाक फिरवलं.

दीड फेरा घेऊन मी थांबले.

तिने पुन्हा फिरवलं. मी पुन्हा थांबले. तिने कान जवळ आणला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं आणि मला लाजेने तोंड लपवावंसं वाटलं. तिने ब्रेकची तार सोडली, तरी चाक अडखळत होतं. पाना आणून मागचा नट उघडला. आत वंगण नावालाही नव्हतं. छर्‍यांनी कडेला खड्डे पाडले होते.

"बाबा," तिने हाक मारली. "इकडे या. चाक फिरवा."

त्यांनी फिरवलं. "घट्टच असते ही. नवी आहे."

"आठ महिने झाले, बाबा. बेअरिंग असं आलं तर आम्ही सरळ भंगारात टाकतो." तिने पाना खाली ठेवला. "तुम्ही रोज दोनदा ब्रेक दाबून टेकडी चढत होतात."

टाकीवाले पायरीवर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या पायांकडे बघत राहिले.

"म्हणजे पाय बरोबर होते," ते म्हणाले.

"पाय बरोबरच होते."

मग मुलगी रडली. ओल्या फडक्यानेच डोळे पुसत म्हणाली, "एकदा हात लावला असता तर. एकदाच." आईने तिला जवळ घेतलं. मामांना फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले, की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती.

त्या दिवशी तिने मला जमेल तशी नीट केली. नवे छर्रे घातले, वंगण भरलं, ब्रेक मोकळा केला, मागची स्प्रिंग लोखंडी पट्टीने जखडून टाकली. मी काही राखाडीसारखी झाले नाही, पण चालण्यासारखी झाले.

सोमवारी टाकीवाले माझ्यावर बसूनच ऑफिसात गेले. मी खिडकीबाहेर उभी होते. त्यांनी सगळं सांगितलं, छर्‍यांपासून. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, सायकलचं मी फाइलला काय लावू? अर्जात तुम्हीच लिहिलंय, झेपत नाही. तुमची सही आहे. नवीन माणूस आज सकाळीच रुजू झाला."

टाकीवाले भांडले नाहीत. आपण स्वतः उचलून घेतलेली वस्तू, आपण स्वतः लिहिलेला कागद, भांडणार कुणाशी? ते तक्रारींच्या टेबलावर बसू लागले. पाणी आलं नाही म्हणून लोक त्यांच्यावर ओरडतात, आणि ते वहीत लिहून घेतात.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता मला बाहेर काढलं आणि टेकडीच्या रस्त्याला लागले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ज्या दगडावर ते बसले होते तो मागे पडला. ते एकदाही उतरले नाहीत. टाकीच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा नुसता कपाळाला घाम होता. फाटकाला नवं कुलूप होतं. आतून नवा माणूस आला, बनियनवर, हातात मोबाइल.

"कोण पाहिजे, काका?"

"कोणी नाही," टाकीवाले म्हणाले. "सायकल चढते का, ते बघायला आलो होतो."

तो आत गेला. हे थोडा वेळ फाटकाबाहेर उभे राहिले, आतल्या पाण्याचा आवाज ऐकत. मग मला वळवलं.

हल्ली मी फक्त सपाट रस्त्याने ऑफिसला जाते आणि येते. मला चांगलं ठेवलंय, आणि ते मला सोसत नाही. टाकीवाल्यांचं मला घेणं चुकीचं नव्हतं, ते फसवले गेले, आणि फसवणाऱ्यांत मीही आहे. तुमच्याकडे पैसे बेताचे असतील तर त्यात लाज नाही. दुकानदाराकडे कमी गोष्टी मागा, पण धड मागा. स्प्रिंगा दाबत बसू नका, मामाला घरी ठेवा, ज्याला चालवायचीय त्याला चढावर चालवून बघू द्या. आणि माझ्यासारखी एखादी पदरात पडलीच, तर धाप लागेल त्या पहिल्या दिवशी तिला उलटी करा आणि तिचं चाक हाताने फिरवून बघा. आपल्या पायांवर आळ घेऊन कागदावर सही करायचीच असेल, तर ती त्यानंतर करा.