त्रापानीची भुलाबाई

बाहत्तर साल असावं. इतवारीतल्या मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे, पण हंगामी. शाळेच्या प्रदर्शनात माझं काम बघून वामनराव साहेब मला कायम करायचं की नाही ते सांगणार, असं मुख्याध्यापिका शोभाताईंनी बजावलं होतं. साहेब शिक्षण खात्याचे.

मी विषय घेतला सिसिली बेटावरच्या त्रापानीचा. भूमध्य समुद्रावरचं जुनं मासेमारीचं बंदर. माझ्यासकट वर्गात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मोठ्या परातीत नीळ घातलेलं पाणी ओतलं, काठावर मातीचं गाव केलं, कागदी होड्या सोडल्या. फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश, एकामागून एक तिथं येऊन राहिले. पण एवढी माणसं आणायची कुठून?

कोजागिरी जवळ आली होती; घरोघरी पोरींनी माहेरपणाला आलेली मातीची देवी न् तिचा नवरा मांडले होते, रोज गाणी न् खिरापत चालली होती. गोपिका म्हणाली, "बाई, आमच्या घरी भुलाबाई मांडली हाय. भुलोजी बी हाय. आणू काय?"

"देवाले रोमन करतं काय वं?" प्रेमिला ओरडली.

"काहून नाही? माहेरी आली हाय ना भुलाबाई? हौस करू तिची!"

मातीची ती एकच जोडी. म्हणून काळ बदलला की कपडे बदलायचे असं ठरलं. पोरींनी रंगीत कागदाचे झगे न् फेटे केले.

प्रदर्शनात गोपिका सांगत गेली, प्रेमिला कपडे चढवत गेली. घाईत अरबाचा फेटा नॉर्मन भुलोजीच्या डोक्यावर तसाच राहिला. वामनरावांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"नॉर्मन फेट्यात काहून वं? अन् अरब गेले कुठं?"

शोभाताईंनी तोंडच फिरवलं.

"कुठं जातील, साहेब?" गोपिका म्हणाली. "इथंच हायेत. नवे लोक आले, यायनं कपडे बदलले. फेटा आवडला, तो ठेवला. मासे मात्र तेच पकडून राहिले."

वामनराव टेबल धरून इतके हसले की परातीतल्या होड्या डुलल्या. "बरोबर हाय पोरी! आमचे पूर्वज भोसल्यांसंगं साताऱ्याकडून आले. आता मले येते काय साताऱ्याची बोली?"

भुलाबाई आली म्हणजे खिरापत आलीच. गोपिकानं झाकलेला डबा पुढे धरला. "ओळखा. ओळखल्याबिगर सुटका नाही."

साहेबांनी डबा कानाशी हलवला. "मासे!"

पोरी खिदळल्या. आत सांबारवडी होती, कोथिंबिरीनं गच्च भरलेली. ती खाता खाताच साहेब म्हणाले, "शोभाताई, या बाईंना कायम करा. पुढच्या वर्षी खिरापत ओळखायला मी येतोच."

पुढच्या वर्षी मी करंज्या केल्या होत्या. साहेब तेव्हाही चुकले.