तळाची माती

खुशबूने ओव्हनच्या तळातला पत्रा ओढून काढला आणि तिची बोटं मातीने भरली.

आधी तिला वाटलं, कालच्या केकचं सांडलेलं पीठ असेल. नखाने खरवडलं तर करपलेल्या साखरेखालून राखाडी पापुद्रा सुटला. माती होती. पत्राभर पातळ, एकसारखी सारवलेली, आणि कडेला बोटांच्या ओळीसुद्धा उमटलेल्या. असं सारवणारं माणूस त्या घरात एकच होतं.

लीलाबाई, तिची सासू, दिवाळीनंतर बोदलकसा तलावाजवळच्या गावाहून गोंदियाला राहायला आली होती. सासरे धनीराम गेल्यावर तिने तिथे एकटं राहू नये, असं योगराजने, तिच्या मुलाने ठरवलं. धानाची शेती बटईने, पिकाच्या वाट्यावर दिली, घराला कुलूप घातलं. म्हातारी आली खरी, पण रमली नाही. फ्लॅटमध्ये तिच्या हाताला काम कुठलं मिळणार? धुणं मशीन करायची, गॅसचा ओटा खुशबू पुसायची, आणि ओव्हन म्हणजे तर खुशबूचा जीव की प्राण. केक आणि नानखटाई करून ती घरूनच विकायची. महिन्यातून एका रविवारी सोडा आणि लिंबू घेऊन ती ओव्हन आतून-बाहेरून घासायची, आणि त्या दिवशी योगराज स्वयंपाकघराच्या वाटेलाही जात नसे. मधल्या दिवसांत मात्र तिला उसंत नसायची. सांडलेलं करपायचं, धूर व्हायचा, नानखटाईला जळका वास लागायचा.

आणखी एक गोष्ट होती. आल्या दिवशी लीलाबाईने एक कापडी पिशवी पलंगाखाली सरकवली होती, तोंडाला घट्ट गाठ मारून. लुगडी कपाटात लागली, पिशवी तिथेच राहिली. झाडताना खुशबूने एकदा ती हलवली, तर पलंगावर पडलेली म्हातारी झटकन उठून बसली. नवराबायकोने त्याचा एकच अर्थ काढला की आईचं जायचं सामान बांधून तयार आहे, फक्त ती तोंडाने म्हणत नाही. योगराजच्या ते फार मनाला लागलं. शेवटी काल जेवताना त्याने सांगून टाकलं, रविवारी तुला गावी सोडून येतो, शेजारच्या अनुसयाबाई लक्ष ठेवतील. लीलाबाई 'बरं' म्हणाली आणि भात कालवत राहिली.

आज शनिवार होता. मोठी ऑर्डर होती, म्हणून आधी तळ पुसून घ्यावा म्हटलं तर हे निघालं. खुशबू पत्रा हातात घेऊन तशीच सासूच्या खोलीत गेली.

"आई, ही माती तुम्ही लावली?"

"हो."

"काऊन जी? करंट लागला असता म्हणजे?"

"बटन बंद करूनच लावली. आठ दिस झाले, रोज सकारी जुनी झाडून नवी लावून राहिली. आज नाई लावली. म्हटलं, आता कायले."

खुशबूने मनात दिवस मोजले. आठ दिवसांत धूर झाला नव्हता, वासही नव्हता. त्याचं श्रेय तिने नव्या डालड्याला देऊन टाकलं होतं, आणि मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं.

लीलाबाईने पत्रा घेतला, खिडकीशी उलटा धरून दोन टिचक्या मारल्या. मातीची खपली करपलेल्या साखरेसकट निखळली आणि खाली पत्रा लख्ख निघाला. मग ती बोलू लागली, इतके दिवस बोलली नव्हती तेवढं. चुलीवर गंज, म्हणजे भाताचं पातेलं, चढवायचा तर बुडाला आधी माती लावायची, म्हणजे काजळी धातूला धरत नाही, धुतलं की मातीबरोबर जाते. सकाळी राख काढून चूल पोतेऱ्याने सारवल्याशिवाय पेटवायची नाही. तोवर धनीराम जवळ बसून राहायचे, शेतावर जायची घाई असली तरी. ओल्या मातीचा वास घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. हे सांगताना ती हसली, आणि खुशबूने सासूला या घरात पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"पण माती आणली कुठून? इथं तर खाली सगळं सिमेंट."

लीलाबाईने वाकून पिशवी ओढली. गाठ सैल होती. आत लुगड्याच्या तुकड्यात मातीची ढेकळं होती, एका बाजूने धुराने काळी झालेली.

"घरच्या चुलीची होय. नवी चूल मांडली का जुनीचं ढेकूळ तिच्यात कालवतेत. माह्या सासूनं मले देल्ली होती. मी तुह्यासाठी आणली."

"आणि तिकडची चूल?"

"फोडून आली ना. तिकडं पेटवाले कोन राहिलं?" तिने पिशवीचं तोंड पुन्हा मिटलं. "इथं आली तं चूलच नोहोती. कोनाले विचारू, कुठं लावू म्हणून?"

खुशबूला स्वतःची शरम वाटली. उद्या ही बाई चूल नसलेल्या घरात जाणार होती, आणि तरीही 'बरं' म्हणाली होती.

खुशबू पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली, एक ढेकूळ वाटीत फोडलं, वर पाणी घातलं आणि बोटांनी कालवू लागली. लीलाबाई मागोमाग दाराशी येऊन उभी राहिली.

"किती पातळ पाहिजे?"

"ताकावानी." सासूने पुढे येऊन वाटी हातात घेतली. "सर तिकडं. गोटे राहिले."

बाहेरून योगराजचा आवाज आला. उद्या किती वाजता निघायचं, गाडीत पेट्रोल भरून आणायचं का, असं तो विचारत होता.

"उद्या नाही जमणार," खुशबू म्हणाली. "आईला ओव्हनचं काम आहे. रोजचंच आहे."

लीलाबाईने मान वर केली नाही. ती पत्र्यावर बोटं फिरवत होती, कडेपासून मधे, मधून कडेला. खुशबूने उरलेली ढेकळं एका डब्यात भरून मैद्याच्या शेजारी ठेवली. पत्रा सारवून झाल्यावर लीलाबाईने हात धुतले, रिकामी पिशवी खिडकीबाहेर झटकली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली.