वाऱ्यातला मुऱ्हाळी

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी असलेल्या लेकीला आणायला भावानं जायचं, ही खानदेशातली जुनी रीत. अशा भावाला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळ्याला फार काही यावं लागत नाही. वेळेवर पोचावं, पानात पडेल ते जेवावं, बहिणीची सासू जे बोलेल ते मान खाली घालून ऐकावं आणि बहिणीला धडपणी माहेरी आणावं. शालिग्रामला यातल्या पहिल्या तीन गोष्टी उत्तम येत. गेल्या वर्षी चौथीत घोटाळा झाला होता.

शालिग्राम जळगावला एका कचेरीत आवक-जावक बघायचा. सहा वर्षं नंबर लावून त्याला स्कूटर मिळाली, फिकट हिरवी. लायसन काढताना त्यानं मैदानावर इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवला होता. मैदानाला चारी बाजूंनी भिंत होती, महिना पौषाचा होता आणि झाडाचं पान हलत नव्हतं. त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न त्या परीक्षेत आलाच नाही.

तो आला पुढे वैशाखात, धुळ्याहून बहिणीला, कुंदाला, आणताना. फागण्याच्या पुढे रस्त्याला एक मोरी आहे. तिथवर दोन्ही अंगांनी बाभळी आहेत, मोरीशी त्या एकदम संपतात आणि उजवीकडची सगळी माळरानं मोकळी होतात. वारा तिथं दबा धरून असल्यासारखा असतो. शालिग्राम उजवीकडे, वाऱ्याच्या अंगावर, रेलून चालला होता. समोरून ट्रक आला. ट्रकच्या आडोशानं वारा गपकन थांबला, आणि टेकलेली भिंत कुणी काढून घ्यावी तसा शालिग्राम ट्रककडे झुकला. घाबरून त्यानं हँडल डावीकडे ओढलं, तेवढ्यात ट्रक निघून गेला आणि अडलेला वारा व्याजासकट परत आला. स्कूटर रस्ता सोडून खालच्या मातीत जाऊन आडवी झाली.

लागलं कुणालाच फारसं नाही. पण कुंदाच्या डाव्या हातातल्या सहा बांगड्या वाढवल्या. सवाष्णीच्या बांगड्या भर रस्त्यावर वाढवणं ही गोष्ट तिच्या सासूनं, यशोदाबाईंनी, अकरा महिने लक्षात ठेवली. बाराव्या महिन्यात सासरे हिलाल आबांचं कार्ड आलं. ‘अखजीसाठी मुऱ्हाळी पाठवावा. स्कूटर पाठवू नये. स्कूटर आल्यास सून इथंच अखजी करील, असं घरातून सांगणं आहे.’

कार्ड स्पष्ट होतं. शालिग्रामनं ते दोनदा वाचलं आणि स्कूटर धुवायला काढली. यष्टीनं जाणं म्हणजे आपण पडलो हे लेखी कबूल करणं, असं त्याचं मत पडलं. कचेरीत त्यानं पडण्याचा दोष वाऱ्याला, ट्रकला आणि बांधकाम खात्याला वाटून दिला होता. आता यष्टीत बसला असता तर सगळी वाटणी पुन्हा करावी लागली असती.

शेजारच्या टेबलावरचा तोताराम म्हणाला, “वाऱ्यात साठच्या खाली जायचंच नाही. स्पीड वाढवला की वाऱ्याला आपण सापडत नाही. आणि हँडल असं धरायचं, जसं कुणी हिसकावून नेतंय.”

“आणि गाडी हलली तर?”

“हलकी आहे म्हणून हलते. वजन टाक.”

तोतारामकडे सायकल होती. पण सल्ला फुकट होता आणि बोलण्यात अधिकार होता. शालिग्रामनं स्कूटरच्या पुढच्या फळीवर, पायाशी, सहा विटा पोत्यात बांधून ठेवल्या आणि अखजीच्या आदल्या दिवशी पहाटे पाचला निघाला. खानदेशात वैशाखातला वारा दहाला कामावर हजर होतो आणि दिवस मावळेस्तोवर खुर्ची सोडत नाही. त्याच्या आत पोचलं की झालं. एरंडोल, पारोळा, मुकटी, सगळं शांत. मोरीवरून तर तो शीळ घालत गेला. साडेआठला धुळ्यात पारोळा रोडवरच्या घरापुढे त्यानं स्कूटर उभी केली, तेव्हा त्याच्या मनात बेत पक्का होता: चहा घ्यायचा, कुंदाला बसवायचं आणि वारा उठायच्या आत निम्मी वाट मागं टाकायची.

यशोदाबाई ओट्यावर बसून चिंच साफ करत होत्या. साठी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं, आवाज खळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. त्यांनी आधी स्कूटर पाहिली, मग शालिग्राम, मग पोतं.

“हाई काय शे?”

“विटा आहेत अक्का. वाऱ्यासाठी.”

“घर बांधी राहिना का भाऊ?”

आतून कुंदा चहा घेऊन आली. ट्रंक तिनं आठ दिवसांपूर्वीच भरली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि माहेरच्या लिंबावरचा झोका तिला या दिवसांत स्वप्नातसुद्धा दिसायचा. तिनं स्कूटरकडे एकदा पाहिलं आणि कपबशी ठेवताना हळूच म्हणाली, “दादा, यष्टीनं आला असतास तर आता आपण स्टँडवर असतो.”

शालिग्रामनं बशीत चहा ओतला.

हिलाल आबा सुपारी कातरत मध्ये पडले. “आला बिचारा एवढ्या लांबून. जाऊ दे पोरीला.”

“जाऊ दिसू,” यशोदाबाई म्हणाल्या. “पहिले मी बससू. जठे पडनात तठे माले ली चाल. मोरी पार करीसन मागे आण. माले भेव नही वाटना तं वहू जाई.”

भीती वाटली नाही तर सून जाईल, ही अट ऐकून आबांनी अडकित्ता खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात बायको नवा बैलसुद्धा दोन आठवडे पारखल्याशिवाय गाडीला जुंपू देत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण पारख करायला ती स्वतः बैलावर बसली नव्हती.

“चला अक्का,” शालिग्राम पटकन उठला. साडेआठ-पावणेनऊचा सुमार, वारा नाही, तासाभरात जाऊन येऊ. मोरीवर पान हलत नव्हतं ते तो स्वतः बघून आला होता.

“बस,” यशोदाबाई चिंच निवडत म्हणाल्या. “वारा उठू दे.”

दहा वाजले. अंगणातला लिंब हलायला लागला. यशोदाबाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चिंचेत घातली. साडेदहाला शेजारच्या दोरीवरचं धोतर उडून गल्लीत गेलं. अकराला समोरच्या पत्र्यावरचा दगड सरकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि म्हणाल्या, “चाल.”

आधी त्यांनी विटा उतरवायला लावल्या. “मी शे ना,” एवढंच कारण दिलं. मग पदर चापून चोपून कमरेला खोचला, कासोटा नीट केला आणि मागच्या सीटवर सरळ दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या आणि दारातच राहिल्या.

“अक्का, बायका एका बाजूला बसतात,” शालिग्राम चाचरत म्हणाला.

“कापूसनी गाडीवर मी एक बाजूले बसनू असतू तं कवळच मरनू असतू.”

हे खरं होतं. यशोदाबाईंचं माहेर धरणगावचं, घरचा कापूस. माडीएवढ्या उंच भरलेल्या गाडीवर बसून त्या लहानपणापासून बाजाराला गेलेल्या. तशी गाडी वाऱ्यात झुलते, आणि वर बसणारा तिच्याबरोबर झुलला नाही तर खाली येतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, खाली येणाऱ्यांना बघून कळलं होतं.

गाव संपलं तसा वारा लागला, मागून आणि उजवीकडून. शालिग्रामनं तोतारामचं स्मरण केलं, हँडल आवळलं आणि काटा साठाकडे नेला. पुढचं चाक उसावर निघालेल्या बकरीसारखं इकडंतिकडं करू लागलं. त्यानं आणखी आवळलं, तसं ते आणखी करू लागलं. त्याच्या खांद्यावर एक हात येऊन पडला. हात कसला, खलबत्त्यातला बत्ताच.

“बैल बिचकी राहिना तुना.”

“वारा आहे अक्का.”

“वारा शेच. तू कासरा वढी राहिना. ढिला सोड.”

“सोडला तर पडू.”

“नही सोडा तवय पडनात ना?”

शालिग्रामनं बोटं जरा सैल केली. मग कोपरं. चाक दोनदा हललं आणि आपलं आपण सरळ झालं. हा योगायोग असावा असं वाटून त्यानं पुन्हा आवळून पाहिलं. बकरी लगेच परत आली. त्यानं सोडून दिलं.

“आते हळू,” मागून आवाज आला. “कोनं लगीन चुकी राहिनं?”

काटा चाळिसावर आला. फागणं गेलं. वाऱ्याचा झोत आला की स्कूटर हातभर डावीकडे सरके आणि झोत गेला की परत येई. शालिग्राम आतापर्यंत डाव्या कडेला चिकटून चालवायचा, कारण ट्रकची भीती. आज खांद्यावरच्या हातानं त्याला कडेपासून आत घेतलं. सरकायला हातभर जागा हवी, हे हाताचं म्हणणं होतं आणि ते त्यानं शब्दाविना सांगितलं.

बाभळी संपताना दिसल्या. मोरीचे पांढरे कठडे दिसले. आणि समोरून, परीक्षकांनी आधीच सांगून ठेवल्यासारखा, भुसा भरलेला ट्रक आला, दोन्ही बाजूंनी फुगलेला, वर आणखी दोन माणसं बसलेला.

शालिग्रामचे दात एकमेकांवर बसले. बोटं आपोआप आवळली. खांद्यावर दोन थापा पडल्या.

“तू ट्रकले दखू नको. रस्ता दख. हाई वारा जाई, मंग येई. येऊ दे.”

वारा गेला. या वेळी शालिग्राम रेलला नव्हता, त्यामुळे ट्रककडे झुकलाही नाही. ट्रक गेला. मग वाऱ्याची भिंत आली. स्कूटर हातभर काय, दोन हात डावीकडे गेली, थोडा भुसा तोंडात गेला, मागच्या यशोदाबाई स्कूटरबरोबर डावीकडे गेल्या आणि स्कूटरबरोबरच परत आल्या. डांबराची कड वीतभर लांब राहिली. शालिग्रामनं गाडीला काहीच केलं नव्हतं. आयुष्यात काही न करून काम झाल्याचा अनुभव त्याला कचेरीत अनेकदा आला होता, रस्त्यावर पहिल्यांदाच.

मोरीपलीकडे त्यानं स्कूटर बाजूला घेतली. यशोदाबाई उतरल्या. गेल्या वर्षीची जागा त्यांनी नीट पाहिली, पायानं माती उकरली. हिरव्या काचेचा एक तुकडा निघाला. तो त्यांनी पदराच्या टोकात बांधला.

“वारानी पाडं का तूच पडना?” त्यांनी विचारलं.

शालिग्रामनं धुळीनं भरलेला चष्मा काढला, शर्टाला पुसला. “मीच पडलो अक्का.”

“हां,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मागं बसल्या.

परतताना वारा तोंडावर होता. त्याचा त्रास निराळा, पण तो सरळ समोरून भांडत होता, त्यामुळे शालिग्रामला त्याच्याबद्दल आदर वाटला. बारा वाजता स्कूटर दारात आली. आबा ओट्यावर उभे होते. कुंदा ट्रंकेवर बसली होती, आणि ट्रंकेला कुलूप लावून झालं होतं.

यशोदाबाईंनी तांब्याभर पाणी घेतलं, अर्धं तोंडावर मारलं, अर्धं प्यायल्या. घाई कसलीच नव्हती.

“भेव वाटना का?” आबांनी विचारलं.

“नही.”

कुंदा उठली.

“तू बस,” यशोदाबाई म्हणाल्या. “तू एकनी यष्टीमा जाय. आबा बसाडी दिथीन.”

शालिग्रामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “पण अक्का, तुम्हीच म्हणालात, भीती वाटली नाही तर...”

“वहू जाई म्हनं व्हतं. जाईच राहिनी ना ती? तू आजच शिकना. नवा शिकेलवर कोनी सून बसाडस का?”

यष्टी तर यष्टी, एवढं मनात म्हणून कुंदा हसली आणि आबांच्या चपला शोधायला लागली. शालिग्राम मात्र ओट्याच्या कडेला बसून राहिला. मुऱ्हाळी आला आणि बहीण यष्टीनं गेली, हे जळगावला आईला कोणत्या शब्दांत सांगावं, याचे तो मसुदे करत होता. एकही बरा होईना.

यशोदाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत गाठोडं होतं आणि लुगडं दुसरं होतं, ठेवणीतलं.

“तू कुठे?” आबा म्हणाले.

“धरणगाव.”

“आते कोण शे तठे?”

“भाचा शे.”

“त्यानं बोलावलं का?”

“त्याना बाप गया तवयपाईन अठरा अखजी व्हई गयात. कोनी मुऱ्हाळी उना नही.” गाठोडं त्यांनी शालिग्रामच्या हातात दिलं. “आज दारमा उभा शे.”

आबांनी स्कूटरकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. “आणि पडली तर?”

“मी पडनू तं मनी सासू थोडीच रडी.”

यावर आबांना सुपारी आठवली.

एकची यष्टी दीडला सुटली. मुकटीच्या अलीकडे ती स्कूटरच्या मागून आली आणि भोंगा वाजवत पुढे गेली. तिच्या मागं ओढला जाणारा वारा एकदा स्कूटरला लागला. शालिग्रामनं बोटं आधीच सैल केली होती. खिडकीतून कुंदानं मागं पाहिलं. भाऊ पुढे, चाळिसावर, मधल्या वाटेनं. मागं सासू, दोन्हीकडे पाय टाकून, कुठंही न धरता, माळरानाकडे बघत.

एरंडोलहून ते धरणगावला वळले. दारात भाच्याची बायको भाकरीचा तुकडा घेऊन आली. आत्याला आणि सोबतच्या अनोळखी माणसाला बघून ती तुकडा हातात धरून घोटाळली.

“पहिले याना वरथून ओवाळ,” यशोदाबाई म्हणाल्या. “मना मुऱ्हाळी शे.”

शालिग्रामला टॉवेल-टोपी मिळाली. जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि जेवल्यावर वारा आहे म्हणून सोडलं नाही. तो दिवस मावळल्यावर जळगावला पोचला तेव्हा कुंदा कधीच येऊन लिंबाखाली झोक्यावर उभी होती.

आई म्हणाली, “बहिणीला यष्टीत घालून तू एकटा कुठं होतास रे दिवसभर?”

त्यानं डोक्यावरची नवी टोपी काढून खुंटीला लावली. “मुऱ्हाळी गेलो होतो,” म्हणाला.

अखजीनंतर चौथ्या दिवशी धरणगावहून शालिग्रामच्या नावानं कार्ड आलं. ‘रविवारी न्यायला यावं. दहाच्या आत येऊ नये.’